एसटीचं तिकीट नेमकं कसं ठरतं? भाडेवाढ, टप्पे, सवलती आणि सुट्टे पैसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिकिटावरून वाहकाशी होणारे बरेचसे वाद टप्पा न कळल्यामुळे होतात. म्हणून या पानाची सुरुवातीची उत्तरं टप्प्यावर जरा लांब आहेत. सवलत, पास किंवा यूपीआयचा प्रश्न घेऊन आला असाल तर थेट खाली जा. पण हिशेब जमत नसेल तर पुन्हा वर यावं लागेल.

भाडेवाढ कधी झाली आणि किती?

राज्य परिवहन प्राधिकरणाच्या मंजुरीनंतर २५ जानेवारी २०२५ पासून, म्हणजे २४ तारखेच्या मध्यरात्रीपासून, एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. त्याआधीची वाढ २६ ऑक्टोबर २०२१ची, १७.१७ टक्क्यांची. म्हणजे मधली सव्वातीन वर्षं मूळ दर तसाच होता. डिझेल, चासी, टायर आणि कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता या चार गोष्टींच्या किमतींवर भाड्याचं सूत्र बेतलेलं आहे. वाढ दरवर्षी थोडी थोडी न होता तीन-चार वर्षांनी एकदम येते, त्यामुळे ती अंगावर येते.

एका टप्प्याचे, म्हणजे ६ किलोमीटरचे दर असे बदलले:

- साधी, जलद आणि रात्रसेवा: ८.७० रुपयांवरून १०.०५ रुपये
- निमआराम (हिरकणी): ११.८५ वरून १३.६५
- शिवशाही वातानुकूलित: १२.३५ वरून १४.२०
- शिवनेरी: १८.५० वरून २१.२५

साध्या आणि जलद गाडीचा दर एकच आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. लालपरीवर ‘जलद’ची पाटी दिसली म्हणून ती सोडून देऊ नका, तिचं भाडं जास्त नाही.

टप्पा म्हणजे नक्की काय?

टप्पा म्हणजे भाड्याचं माप, ६ किलोमीटरचं. थांबा वेगळा आणि टप्पा वेगळा. एका टप्प्यात तीन थांबे येऊ शकतात आणि एखाद्या टप्प्यात एकही थांबा नसू शकतो. भाडं किलोमीटरवर लागत नाही, टप्प्यांवर लागतं, आणि अपुरा टप्पाही पूर्ण धरतात. १२ किलोमीटरला दोन टप्पे होतात, १३ किलोमीटरला तीन. त्या एका जादा किलोमीटरचे दहा रुपये पडतात. ‘पुढच्याच फाट्याला तर उतरायचंय, दहा रुपये कसले?’ या भांडणाचं मूळ इथे असतं. वाहक स्वतःच्या मनाने काही लावत नाही. यंत्रात मार्ग आणि टप्पे आधीच भरलेले असतात, तो फक्त ‘कुठून’ आणि ‘कुठे’ निवडतो.

माझं तिकीट १४.९५ टक्क्यांहून जास्त वाढलंय. मला फसवलं का?

नाही. टक्केवारी टप्प्याच्या दराला लागली, तुमच्या हातातल्या तिकिटाच्या रकमेला नाही. २०१८ पासून भाडं ५ रुपयांच्या पटीत गोल केलं जायचं: हिशेब ७ वर आला तर ५, ८ वर आला तर १०. त्यामुळे जुनं तिकीट काही मार्गांवर खऱ्या हिशेबाच्या थोडं खाली होतं, काहींवर थोडं वर. जानेवारी २०२५च्या वाढीनंतर भाडं एकेका रुपयाने मोजलं जाऊ लागलं. ज्यांचं तिकीट आधी खाली गोल झालेलं होतं त्यांना वाढ जास्त वाटते, ज्यांचं वर गोल झालं होतं त्यांना कमी. एकाच गाडीतल्या शेजारच्या दोन प्रवाशांना वेगवेगळी टक्केवारी दिसते ती यामुळे.

घरी बसून तिकिटाचा हिशेब कसा करायचा?

१. गाडी ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्याचं अंतर घ्या. मोबाइलच्या नकाशावरचा सर्वांत जवळचा रस्ता घेऊ नका, एसटीचा मार्ग घ्या.
२. अंतराला ६ ने भागा. बाकी उरली तर एक टप्पा वाढवा.
३. टप्पे गुणिले गाडीच्या प्रकाराचा दर.
४. त्यात अपघात सहायता निधीचा रुपया मिळवा. हा निधी १ एप्रिल २०१६ पासून प्रत्येक तिकिटावर घेतला जातो. अपघातग्रस्त प्रवाशांना आणि त्यांच्या वारसांना मदत त्यातून दिली जाते.
५. वातानुकूलित गाडी असेल तर वस्तू व सेवा कर मिळवा. लालपरीला तो लागत नाही.

उदाहरण घ्या: ६२ किलोमीटर, साधी गाडी. ६२ ला ६ ने भागलं की १० पूर्ण आणि २ किलोमीटर उरतात, म्हणून टप्पे ११. ११ गुणिले १०.०५ म्हणजे ११०.५५. त्यात निधीचा रुपया. तिकीट १११-११२ च्या घरात येईल. जुन्या दराने हेच मूळ भाडं ९५.७० होतं. तुमचा हिशेब आणि प्रत्यक्ष तिकीट यांत दहा रुपयांचा फरक आला तर समजा, टप्पा मोजताना तुमचं एक-दोन किलोमीटर इकडेतिकडे झालंय.

एकाच गावाला जाणाऱ्या दोन साध्या गाड्यांचं तिकीट वेगळं का?

मार्ग वेगळा म्हणून. एक गाडी बायपासने बाहेरून निघते, दुसरी तालुक्याच्या बसस्थानकात आत जाऊन बाहेर येते. आत-बाहेरचे ते चार-पाच किलोमीटर टप्पा ओलांडायला पुरेसे असतात. रस्त्याचं काम निघाल्यावर वळणाचा मार्ग मंजूर झाला तरी असंच होतं. फलकावर ‘मार्गे’ पुढे काय लिहिलंय ते वाचूनच चढा. परतीची गाडी दुसऱ्या आगाराची असेल तर जाताना आणि येताना तिकीट वेगळं येणंही नवलाचं नाही.

मी दोन टप्प्यांच्या मध्ये हात दाखवून चढतो. भाडं कुठून धरतात?

मागच्या टप्प्यापासून, म्हणजे तो टप्पा जिथे सुरू होतो तिथून. मध्येच उतरत असाल तर पुढच्या टप्प्यापर्यंत. वस्तीवरून चढणाऱ्या आणि फाट्यावर उतरणाऱ्या माणसाला दोन्हीकडून थोडं जास्त पडतं, हे खरं आहे. यावर वाहकाशी घासाघीस करून उपयोग नाही. फाट्याला टप्पा हवा असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव जोडून आगारप्रमुखांकडे किंवा विभाग नियंत्रकांकडे अर्ज करावा लागतो.

थेट गाडी नाही. दोन गाड्या बदलून गेलो तर भाडं तेवढंच लागेल ना?

बहुतेकदा जास्त. २० किलोमीटर थेट गेलात तर चार टप्पे, मूळ भाडं ४०.२०. तेच अंतर ७ आणि १३ असं तोडलं तर ७ किलोमीटरला दोन टप्पे आणि १३ ला तीन, एकूण पाच, म्हणजे ५०.२५. शिवाय तिकिटं दोन, म्हणून निधीचे रुपयेही दोन. गाडी बदलायचीच असेल तर टप्प्याच्या गावाला बदला, अधल्यामधल्या फाट्याला नको.

महिलांना अर्धं तिकीट आहे, मग माझ्याकडून अर्ध्यापेक्षा जास्त का घेतले?

महिला सन्मान योजना १७ मार्च २०२३ पासून आहे आणि ५० टक्के सवलत सर्व प्रकारच्या एसटी गाड्यांत मिळते, शिवनेरीतसुद्धा. पण अर्धं होतं ते फक्त मूळ भाडं. अपघात सहायता निधी आणि वातानुकूलित गाडीतला कर पूर्ण लागतो. समजा मूळ भाडं १० रुपये, निधी १ आणि कर १, असं पूर्ण तिकीट १२ रुपयांचं आहे. महिलेचं तिकीट सहाचं होत नाही. मूळ भाड्याचे ५, निधीचा १ आणि कराचा १ असे ७ रुपये होतात. लालपरीत एका टप्प्याला पूर्ण तिकीट ११ आणि महिलेचं ६, दोन टप्प्यांना २१ आणि ११, असा तो नेहमीचा वरचा रुपया दिसतो.

आगाऊ आरक्षण केलं तर आरक्षण शुल्कही पूर्ण लागतं.

महिला सवलतीसाठी ओळखपत्र लागतं का? राज्याबाहेर चालते का?

ओळखपत्र लागत नाही. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. एसटीने पणजी, बेळगाव, हैदराबाद किंवा सुरतला जाताना हद्दीपर्यंतचं भाडं अर्धं आणि पुढचं पूर्ण, दोन्ही मिळून एकच रक्कम तिकिटावर येते.

सीमाभागात घोटाळा होतो तो गाडीवरून. कोल्हापूर-निपाणी किंवा मिरज पट्ट्यात महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची अशा दोन्ही गाड्या लागतात. आपली सवलत आपल्या महामंडळाच्या गाडीत. कर्नाटकाची शक्ती योजना ११ जून २०२३ पासून सुरू आहे, पण तो मोफत प्रवास कर्नाटकातल्या रहिवासी महिलांसाठी आणि कर्नाटकाच्या गाड्यांमध्ये आहे. कोल्हापूरच्या आधार कार्डावर तिकडच्या गाडीत मोफत बसता येत नाही, आणि त्या गाडीत आपलं अर्धं तिकीटही मागता येत नाही. गोव्याच्या कदंब गाड्यांचंही तसंच: एसटीची सवलत तिथे लागू नाही. चढण्याआधी गाडीच्या कपाळावरचं नाव बघा.

६५ आणि ७५ वर्षांच्या सवलतीत फरक काय?

६५ पूर्ण झालेल्यांना ५० टक्के सवलत. ७५ पूर्ण झालेल्यांना अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास. दोन्ही राज्याच्या हद्दीतच. ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा आहे: पंच्याहत्तरावं वर्ष लागलं म्हणजे पंच्याहत्तर पूर्ण झाली असं नाही, वाढदिवस उलटावा लागतो.

पुराव्याला आधार, मतदार ओळखपत्र, पॅन, पारपत्र, वाहन परवाना यांपैकी काहीही चालतं. मोबाइलमधलं डिजीलॉकर किंवा एम-आधारही चालतं. जुन्या आधार कार्डांवर कित्येकदा फक्त जन्माचं साल असतं, तारीख नसते. वयाच्या काठावर असलेल्यांचा तिथे वाद होतो. आधार केंद्रात जाऊन जन्मतारीख दुरुस्त करून घ्या, किंवा पूर्ण तारीख असलेलं दुसरं ओळखपत्र जवळ ठेवा.

आणि एक गोष्ट आजी-आजोबांना घरातून निघतानाच सांगून ठेवा. मोफत म्हणजे बिनतिकीट नव्हे. शून्य रुपयांचं तिकीट घ्यावंच लागतं. तपासणीस आला आणि हातात शून्याचं तिकीट नसेल, तर वय पंच्याऐंशी असलं तरी प्रवास विनातिकीट ठरतो, आणि वाहकावरही कारवाई होते. त्या शून्याच्या तिकिटांच्या नोंदीवरच सरकारकडून महामंडळाला प्रतिपूर्तीची रक्कम मिळते. वाहक तिकीट द्यायला विसरला तर हक्काने मागा.

मुलांचं हाफ तिकीट कोणत्या वयाला?

५ वर्षांपर्यंत तिकीट नाही, ५ ते १२ हाफ, १२ च्या वर पूर्ण. मूल उंच असेल तर आधारची प्रत सोबत ठेवा, वाहकाचा आणि तुमचा दोघांचा वेळ वाचेल.

माझ्याकडे दोन सवलती आहेत. दोन्ही मिळतील?

नाही. एका प्रवासाला एकच सवलत. सत्तरीच्या आजींना ज्येष्ठ म्हणून अर्धं आणि महिला म्हणून त्याच्याही अर्धं, असं होत नाही. दोन्हीकडे ५० टक्केच आहेत, मग त्यांनी महिला सवलतीवर तिकीट घेतलेलं सोपं. ओळखपत्र शोधत पिशवी उपसावी लागत नाही. दिव्यांग महिलेने मात्र आधी दिव्यांग सवलतच सांगावी. साध्या आणि निमआराम गाडीत ती ७५ टक्के आहे, म्हणजे महिला सवलतीपेक्षा जास्त. वाहक समोर बाई दिसली की सवयीने महिलेचं बटण दाबतो, म्हणून कार्ड तिकीट फाडण्याआधी दाखवा.

तिकीट ११, २१, ३१ असंच का येतं? सुट्टे कुठून आणायचे?

एका टप्प्याचे साधारण १०, त्यावर निधीचा १. दर आणि निधी यांची बेरीज अशी जुळलीय की लालपरीची जवळची तिकिटं रुपयावर संपतात. महिलांची तिकिटं ६, ११, १६ अशी येतात. सकाळच्या पहिल्या फेरीला वाहकाच्या चामडी पिशवीत मूठभर नाणी असतात आणि तिसऱ्या थांब्यापर्यंत ती संपतात. मग सुरू होतं: ‘रुपया द्या, दहा परत देतो.’ भाडेवाढीनंतर पहिल्याच आठवड्यात यावरून इतके वाद झाले की सुट्ट्यांऐवजी यूपीआय वापरा, असं आवाहन महामंडळाला करावं लागलं.

सुट्टे नसले की वाहक तिकिटाच्या मागे बाकी रक्कम लिहून देतो. ही जुनी आणि चांगली पद्धत आहे, पण दोन ठिकाणी पैसे बुडतात. एक, उतरण्याच्या गडबडीत प्रवासी विसरतो. दोन, मधल्या स्थानकावर वाहक बदलतो आणि नवीन वाहकाकडे ती बाकी नसते. म्हणून लांबच्या गाडीत ‘तुम्ही कुठपर्यंत आहात?’ हे बाकी लिहून घेतानाच विचारा. आणि आपल्या थांब्याच्या एक थांबा आधी उठून पुढे जा, घंटी वाजल्यावर नाही.

पाचशेची नोट पुढे करून ‘एक टप्पा’ म्हणणाऱ्याबद्दल वाहकाला काय वाटतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गाडीत यूपीआयने पैसे कसे द्यायचे?

अँड्रॉइड तिकीट यंत्रावर वाहक तुमचे थांबे, प्रवासी प्रकार आणि संख्या भरतो, मग रोखीऐवजी यूपीआय निवडतो. यंत्राच्या पडद्यावर त्या तिकिटापुरता क्यूआर उमटतो. रक्कम त्यातच असते, तुम्ही टाकायची नसते. स्कॅन करून पैसे भरले की यंत्राला खात्रीचा संदेश येतो आणि मग तिकीट छापून निघतं.

वाहकाने रोखीचं बटण दाबून तिकीट छापल्यावर मोबाइल पुढे करू नका. छापलेलं तिकीट रोखीचं म्हणून त्याच्या हिशेबात चढलेलं असतं, संध्याकाळी तेवढी रोकड आगारात भरावी लागते. चढल्याबरोबर ‘यूपीआय करणार’ एवढं आधी सांगा.

पैसे कापले गेले पण तिकीट आलं नाही. आता?

हे बहुतेकदा घाटात किंवा रेंज नसलेल्या पट्ट्यात होतं: तुमच्या मोबाइलला रेंज असते, यंत्राच्या सिमला नसते, किंवा उलट. पैसे बँकेतून निघतात आणि यंत्राला खबर पोचत नाही. दुसऱ्यांदा लगेच स्कॅन करू नका, दोनदा कापले जातील. आधी वाहकाला यंत्रावर त्या व्यवहाराची स्थिती पुन्हा तपासायला सांगा. रेंज आल्यावर अनेकदा तिकीट निघतं. तरीही नाहीच निघालं तर रोखीने तिकीट घ्या, कारण तपासणिसासमोर मोबाइलवरचा हिरवा टिळा म्हणजे तिकीट नाही.

अडकलेल्या पैशांसाठी व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट आणि रोखीचं तिकीट दोन्ही जपा. दुकानदाराला किंवा संस्थेला केलेला यूपीआय व्यवहार पुरा झाला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. पुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. पाच दिवस थांबा, मग आपल्या यूपीआय ॲपमधूनच त्या व्यवहारावर तक्रार टाका.

तिकिटावर काय काय तपासायचं?

तारीख आणि वेळ, कुठून-कुठे, प्रवासी प्रकार, संख्या, रक्कम. पाच सेकंदांचं काम आहे. सर्वाधिक चुका प्रवासी प्रकारात होतात: महिलेला पूर्ण तिकीट, किंवा दोन पूर्ण आणि एक हाफऐवजी तीन पूर्ण. चूक लगेच दाखवली तर वाहकाला काही करता येतं, तासाभराने दाखवली तर कठीण.

चौघांचं एकच तिकीट निघालं असेल आणि एक जण आधी उतरणार असेल तर त्याचं वेगळं तिकीट आधीच मागून घ्या. तिकिटाचा कागद उष्णतेने छपाई होणारा असतो. खिशातल्या घामाने, उन्हात डॅशबोर्डवर ठेवल्याने किंवा वरून चिकटपट्टी लावल्याने अक्षरं उडतात. कार्यालयात प्रवासखर्चाला जोडायचं असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स किंवा फोटो काढा. महिन्याअखेर पांढरी चिठ्ठी जोडून कुणाचं बिल पास झालेलं नाही.

आगाऊ आरक्षणावर १५ टक्के सूट आहे म्हणतात. मला का मिळाली नाही?

१ जुलै २०२५ पासून ही सूट आहे, पण अटी चार आहेत आणि त्यातली एक हुकली की सूट हुकते. प्रवास १५० किलोमीटरपेक्षा जास्त हवा. तिकीट आगाऊ आरक्षित केलेलं हवं, गाडीत घेतलेलं नाही. तिकीट पूर्ण दराचं हवं, म्हणजे महिला, ज्येष्ठ, हाफ यांना यावर आणखी सूट नाही. आणि दिवाळी व उन्हाळी सुट्टीचा गर्दीचा काळ यातून वगळलेला आहे. आषाढी आणि गणपतीला नियमित गाड्यांसाठी सूट जाहीर झाली, जादा गाड्यांना नाही. पंढरपूरच्या किंवा कोकणाच्या जादा गाडीचं आरक्षण केलं आणि सूट दिसली नाही, तर कारण हे.

खिडकी, संकेतस्थळ आणि ॲप या तिन्ही ठिकाणी आरक्षण होतं. सूट पैसे भरण्याआधीच्या रकमेतच वजा झालेली दिसते. नंतर खात्यात येईल म्हणून वाट बघू नका.

दिवाळीत भाडं वाढतं का?

दरवर्षी नाही. २०२३ मध्ये ८ ते २७ नोव्हेंबर अशी १० टक्के हंगामी वाढ होती. २०२५ मध्ये १५ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबरसाठी १० टक्के वाढ जाहीर झाली आणि लगेच रद्दही झाली. पण रद्द झाल्याची बातमी मागे राहिली आणि वाढीचे संदेश व्हॉट्सॲपवर महिनाभर फिरत राहिले. हंगामी वाढीची खात्री करायची असेल तर आरक्षणाच्या संकेतस्थळावर दिवाळीच्या आधीची आणि नंतरची अशा दोन तारखा टाकून त्याच गाडीचं भाडं बघा. दोन्हीकडे एकच आकडा असेल तर वाढ नाही.

भाडेवाढीच्या आधी आरक्षण केलं होतं. वाहक वरचे पैसे मागतोय, द्यायचे का?

वाढीचा काळ सुरू झाल्यावर प्रवास असेल तर फरक प्रवासात वाहकाकडे भरावा लागतो, हंगामी वाढीच्या वेळी महामंडळ तशी सूचना काढतं. भाडं प्रवासाच्या तारखेचं लागतं, आरक्षणाच्या तारखेचं नाही. मात्र फरकाचं वेगळं तिकीट मागून घ्या. तिकीट न देता घेतलेले पैसे ना महामंडळाचे, ना तुमच्या हिशेबाचे.

रोज जाणं-येणं आहे. पास परवडतो का?

मासिक पासात २० दिवसांच्या जाण्या-येण्याचं भाडं भरून ३० दिवस प्रवास होतो, त्रैमासिकात ५० दिवसांचं भरून ९० दिवस. चार टप्पे, एकेरी ४१ रुपये धरा. जाऊन-येऊन ८२, गुणिले २० म्हणजे १,६४०. महिन्यात २५ दिवस जात असाल तर रोजच्या तिकिटाने २,०५० लागले असते, म्हणजे ४१० वाचले. पाच दिवसांचा आठवडा आणि मध्ये दोन सुट्ट्या असतील तर विसाच्या खाली येता, पास तोट्यात. त्रैमासिक पासाला महिन्याला सतराच दिवसांचे पैसे पडतात, त्यामुळे नोकरी स्थिर असेल तर तोच घ्यावा.

महिलांसाठी गणित उलटं आहे. तेच अंतर महिलेला एकेरी २१ रुपये, महिन्याचे तीसही दिवस गेल्या तरी १,२६०. पूर्ण दराच्या १,६४० च्या पासापेक्षा रोजचं तिकीट स्वस्त.

विद्यार्थ्यांच्या पासाचं काय?

विद्यार्थ्यांना भाड्याच्या ३३.३३ टक्के रक्कम भरून मासिक पास मिळतो. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे. शाळेची सही-शिक्का असलेली यादी आगारात गेली की पास शाळेतच वाटण्याची पद्धत आता आहे, त्यामुळे जूनमध्ये आगाराच्या रांगेत उभं राहण्याआधी वर्गशिक्षकांना विचारा. पासावरचा मार्ग घर ते शाळा एवढाच असतो. क्लासच्या गावाला तो चालत नाही.

विनावाहक गाडीत तिकीट कुठे मिळतं?

सातारा-स्वारगेटसारख्या विनाथांबा विनावाहक गाड्यांत स्थानकातच, गाडी सुटण्याआधी. वाहक तिकिटं देऊन खाली उतरतो. गाडी हलल्यावर धावत चढलात तर तिकीट द्यायला आत कुणी नाही. चालक तुम्हाला उतरवेल, आणि ते बरोबरच आहे.

गाडी वाटेत बंद पडली. तिकिटाचे पैसे गेले?

नाही. त्याच तिकिटावर मागून येणाऱ्या एसटीत बसवून देणं वाहकाचं काम आहे. तिकीट टाकू नका आणि वाहकाला सांगितल्याशिवाय रिक्षा-वडाप करून निघून जाऊ नका. एकदा निघून गेलात की पर्यायी गाडीवरचा हक्क सांगता येत नाही.

एसटीचा पास किंवा सवलत बेस्ट आणि पीएमपीत चालते का?

नाही, ती वेगळी मंडळं आहेत आणि त्यांचं भाडंही वेगळं वाढलंय. बेस्टचं किमान भाडं ९ मे २०२५ पासून साध्या गाडीत ५ वरून १० रुपये आणि वातानुकूलित गाडीत ६ वरून १२ रुपये झालं, दोन्ही ५ किलोमीटरपर्यंत. पीएमपीने १ जून २०२५ पासून पहिल्या ५ किलोमीटरला १० रुपये, पुढे १० किलोमीटरपर्यंत २०, १५ पर्यंत ३०, असे दहाच्या पटीतले टप्पे केले. तिथे सुट्ट्या रुपयाचा प्रश्नच ठेवलेला नाही. स्वारगेटला एसटीतून उतरून पीएमपीत चढणाऱ्या बायकांना तिथे पूर्ण तिकीट घ्यावं लागतं.

जास्त पैसे घेतले असतील तर तक्रार कुठे?

आधी स्थानकातल्या वाहतूक नियंत्रकाकडे. तिथल्या तिथे सुटण्यासारखी चूक असेल तर सुटते. नाही तर आगारातल्या तक्रार वहीत लिहा किंवा १८०० २२ १२५० या टोल फ्री क्रमांकावर सांगा. तक्रारीत तिकिटाचा फोटो, गाडीचा क्रमांक आणि प्रवासाची तारीख-वेळ द्या. ‘सकाळच्या गाडीतला उंच वाहक’ एवढ्यावरून कुणी सापडत नाही, तिकीट क्रमांकावरून मात्र यंत्र, फेरी आणि वाहक तिन्ही निघतात.